पाणी साचलं म्हणून तलाव होत नाही

मी कामठा भागातल्या बचत गटांचं समन्वयाचं काम करते. या कार्यक्रमात आपण नेहमी कर्जफेड, शेळ्या, पापड-वड्यांचा बाजार यावर बोलतो. आज इतिहासावर बोलणार आहे. घाबरू नका, सनावळ्या पाठ करायच्या नाहीत. लागतील तेवढ्याच सांगते.

विषय निघाला तो गेल्या उन्हाळ्यात, एका गावातल्या गटाच्या बैठकीत. गावाचं नाव सांगत नाही, कारण अशी गावं बरीच आहेत. रस्त्याच्या कामाला मुरूम हवा होता, म्हणून एक ठेकेदार गावात येऊन गेला होता. त्याचं म्हणणं असं की, "तुमचा तलाव उथळ झालाय. मी मशीन लावून खोल करून देतो. तुमचा एक पैसा खर्च नाही, वर ग्रामपंचायतीला दोन पैसे देतो." गावातली बरीच मंडळी तयार होती. गटातली एक ताईही म्हणाली, "चांगलंच आहे ना मॅडम, खोल झाला तर पाणी जास्त राहील."

तेवढ्यात मागं भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी आजी बोलली, "खड्ड्यात पाणी राहाते, म्हणून का तो तलाव होते?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी जाताना गाडीवर तोच प्रश्न डोक्यात होता. खड्डा आणि तलाव यांत फरक काय? दोन्हीकडे माती खोदलेली, दोन्हीकडे पाणी. माझं बीए इतिहास घेऊन झालेलं, पण हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. मग मला माझी आजी आठवली. तिनं दोन्ही पाहिलं होतं.

आजी आणि मँगनीज

माझ्या आईची आई तुमसर भागातली. लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही वर्षं ती मँगनीजच्या खाणीवर कामाला होती. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या सोयरिकी तुमसरकडे, बालाघाटकडे आहेत, त्यांना हे नवीन नाही. पण ज्यांना मँगनीज म्हणजे काय माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगते. तुमच्या घरी सेलवर चालणारा रेडिओ किंवा टॉर्च असेल, तर त्या सेलच्या आत काळी भुकटी असते. तिच्यात मँगनीज असतं. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग नावाची खाण आहे. तिथल्या खनिजाला सेलच्या कारखान्यांकडून मागणी असते. बाकीचं बहुतेक मँगनीज पोलादात जातं, कारण ते घातल्याशिवाय पोलादाला मजबुती येत नाही. म्हणजे आपल्या विळ्यात, रेल्वेच्या रुळात, घराच्या सळईत ते असतंच.

या खनिजाचा एक लांब पट्टा आपल्या डोक्यावरून गेलेला आहे. नागपूर जिल्ह्यातल्या मनसर, कांद्रीवरून तो येतो, तुमसर तालुक्यातल्या चिखला, सीतासावंगी, डोंगरी बुजुर्गवरून जातो आणि पुढं बालाघाटच्या तिरोडी, भरवेली, उकव्यापर्यंत पोचतो. वैनगंगा आणि बावनथडी या नद्यांचं हे खोरं. या दगडाचा अभ्यास करायला फर्मर नावाचे एक इंग्रज भूशास्त्रज्ञ आले होते. त्यांनी १९०९ मध्ये हिंदुस्थानातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ लिहिला, आणि मँगनीजबरोबर सापडणाऱ्या एका दगडाला गोंड लोकांवरून 'गोंडाइट' असं नाव दिलं. जगभरातल्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आजही हे नाव आहे. नाव गोंडांचं, पण खाण गोंडांची नव्हती.

खाणी होत्या कंपन्यांच्या. १८९६ मध्ये मध्य प्रांतात खनिजाचा शोध घेण्यासाठी इंग्रजांची एक कंपनी निघाली. पुढं तिचंच नाव सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झालं. विसावं शतक उजाडताना इथं खोदकाम जोरात सुरू झालं. लवकरच रशिया आणि जपान यांचं युद्ध झालं, रशियात गोंधळ माजला आणि तिथलं मँगनीज बाजारात येईना. लगेच आपल्याकडच्या मालाला भाव चढला. रानातल्या टेकड्यांवर माणसं मुंग्यांसारखी कामाला लागली. दोन-तीन वर्षांत भाव पडला, तशी कितीतरी ठिकाणची कामं थांबली. १९३० नंतर जगभर मंदी आली, तेव्हाही तेच झालं. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या सुमारास पुन्हा भाव चढला, पुन्हा लहानमोठ्या खाणी उघडल्या, आणि काही वर्षांत परदेशातल्या दुसऱ्या खाणींचा माल आला तशा त्यांतल्या काही बंद पडल्या.

माझी आजी या शेवटच्या तेजीतली. ती सांगायची, "आमचा जोडीचा धंदा होता. तुझा आजा सब्बलनं दगड मोकळा करे, मी हातोडीनं फोडून काळा-काळा निवडून टोपल्यात भरे." निवडलेला माल एका जागी चौकोनी ढीग करून लावायचा. बाबू येऊन माप घ्यायचा. माप भरलं तर मजुरी, आणि पावसात ढीग खचला तर पुन्हा रचायचा. लहान मूल झाडाला बांधलेल्या झोळीत. मजुरी दोघांची मिळून, आणि ती जायची आजोबांच्या हातात. आजीच्या तळहाताच्या रेषा म्हातारपणीही काळ्या होत्या, असं आई म्हणते. तो मँगनीजचा रंग होता की वयाचा, कोण जाणे.

अशा उघड्या खाणींवर बाया मोठ्या संख्येनं काम करत, ही इतिहासातली गोष्ट आहे. कायद्यानं त्यांच्याकडं उशिरा पाहिलं. १९२९ च्या नियमांनी बायांना जमिनीखालच्या खाणीत उतरायला हळूहळू बंदी आणली. १९४१ मध्ये खाणीतल्या बायांसाठी बाळंतपणाच्या लाभाचा कायदा झाला. १९५२ च्या खाण कायद्यानं जमिनीखालचं काम आणि रात्रपाळी बायांना बंद केली. पुढं मशिनं आली. फोडणं, निवडणं, वाहणं ही बायांची कामं मशिनं करू लागली. २०१९ मध्ये सरकारनं नियम बदलले, तेव्हा दिवसाच्या पाळीत बायांना खाणीत उतरायची परवानगी मिळाली, पण तांत्रिक आणि देखरेखीच्या कामावर. म्हणजे शिकलेल्या मुलींसाठी दार उघडलं, हे चांगलंच झालं. आजीसारख्या टोपलेवालीसाठी ते दार कधीचंच लागलं होतं.

१९६२ मध्ये सरकारनं त्या इंग्रज कंपनीबरोबर करार करून नवी कंपनी काढली, ती आजची मॉइल. १९७७ मध्ये ती पूर्ण सरकारी झाली. चिखला, डोंगरी बुजुर्ग, भरवेली या खाणी आजही चालू आहेत, तिथं हजारो कुटुंबांची चूल पेटते. खाण वाईट असं मी म्हणत नाही. पण या पट्ट्यात मोठ्या खाणींच्या आजूबाजूला जुने, सोडून दिलेले खड्डेही आहेत. भाव चढला तेव्हा खोदलेले, पडला तेव्हा सोडलेले.

आजीची खाण त्यातलीच एक. मी सातवी-आठवीत असताना मामाकडं गेले, तेव्हा तिनं ती जागा दाखवली होती. हिरवंगार, स्वच्छ दिसणारं पाणी. मी म्हटलं, "आजी, किती छान तलाव आहे!" तिनं माझा हात घट्ट धरून मागं ओढलं. "तलाव नव्हे तो. काठ सरळ खाली गेलाय. म्हैस पडली तर निघत नाही, लेकरू तर सोडूनच दे." त्या पाण्यावर ना कुणाची शेती होती, ना मासे पकडणारं कुणी बसलं होतं. पाळ नव्हती, पाट नव्हता.

सात बहिणींचा बांध

आता तलावांकडं येऊ. भंडारा जिल्ह्यात तेव्हा आपला गोंदियाही होता, तो वेगळा झाला १ मे १९९९ ला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी ग्रंथांत या जुन्या जिल्ह्याचं वर्णन 'नागपूरचा तलावांचा प्रदेश' असं केलेलं आहे, आणि तलाव-बोड्यांचा आकडाही दिलेला आहे: ३,६४८. तिथंच असंही लिहिलंय की इथलं मुख्य खनिज लोखंड, आणि सोन नदीच्या पात्रात थोडं सोनंही सापडतं. म्हणजे खोदणं आपल्या भागाला नवीन नव्हतं. पण सगळ्यात जास्त खोदलं गेलं ते पाण्यासाठी.

हे तलाव कुणी बांधले? आपल्याकडं लहान पोरगंही सांगेल, कोहळी लोकांनी. गोंड राजांच्या काळात रान तोडून गाव वसवणाऱ्याला आणि तलाव बांधणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळत असे. जितकी जमीन तलावाच्या पाण्यानं भिजेल, तितकी त्याची. या एका नियमामुळं तलावांची रांगच्या रांग उभी राहिली. नवेगाव बांध, सिरेगाव बांध, सिवनी बांध ही नावंच सांगतात की आधी बांध आला आणि मग गाव.

नवेगाव बांधची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं मानतात. लोकांनी पुढं त्यांना देव केलं, कोलासुर देव. त्यांचं ठाणं तिथल्या डोंगरावर आहे. आणि भोवतीच्या डोंगरांना म्हणतात सात बहिणी. बांध काही केल्या टिकेना, तेव्हा या सात बहिणींनी मदत केली आणि बांध उभा राहिला, अशी श्रद्धा आहे.

मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आले. आता मात्र ती वेगळी ऐकू येते. मातीचा बांध घालायचा म्हणजे हजारो टोपली माती वाहायची आणि तुडवून दाबायची. ती टोपली कुणाच्या डोक्यावर असणार? इतिहासात नाव राहिलं पाटलांचं. बायांचं नाव कागदात नाही आलं, ते गोष्टीत आलं, डोंगर होऊन. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही. पण टोपली वाहिलेल्या बाईला तो पटेल.

कोहळ्यांच्या तलावाची रचना बघा. पाणी उताराला अडवणारी मातीची पाळ. पाळीच्या पोटातून पाणी सोडायला तुडूम. पाऊस जास्त झाला तर जादा पाणी पाळ न फोडता बाजूनं निघून जावं म्हणून सलंग. तुडमातून निघालेलं पाणी पाटानं खालच्या बांध्यांत, एका बांधीतून दुसऱ्या बांधीत, शेवटी उरलेलं पाणी खालच्या बोडीत. यात इंजिन नाही, मोटर नाही. पाणी आपल्या वजनानं खाली जातं. म्हणून ज्याच्याकडं पैसा आहे त्यालाही आणि ज्याच्याकडं नाही त्यालाही, पाळीनं पाणी मिळत होतं. वरच्या काठाला तलाव उथळ, गाळाचा. तिथं शिंगाडा, कमळाचे कंद म्हणजे आपली ढेस, देवधान. तिथंच मासे अंडी घालतात, तिथंच ढोरं पाण्यावर येतात. सारस पक्षी आपल्याकडं टिकला, तोही या उथळ पाण्यामुळं आणि धानाच्या बांध्यांमुळं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तलावाला माणसं होती. पाळीला भेग पडली तर कुणी बुजवायची, तुडूम कधी उघडायचं, पाट कुणी साफ करायचा, मासे कुणी धरायचे, हे ठरलेलं होतं. ढिवर बांधव मासे धरत आणि पाण्यावर लक्षही ठेवत.

मालक गेला, मामा आला

आपल्या कामठ्याचं नाव जुन्या इतिहासात जमीनदारीचं ठाणं म्हणून येतं. १८१८ मध्ये नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूनं इथल्या चिमणा पटेलांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललं होतं. पुढं इंग्रजांचा अंमल बसला. १८६० नंतर त्यांनी जमिनीचा बंदोबस्त केला आणि मालगुजारांना गावाची मालकी दिली, त्यात तलावही आले. पण मालकी दिली तरी गावाचे हक्क कागदावर लिहून घेतले. या कागदाला वाजिब-उल-अर्ज म्हणतात. तलावाचं पाणी कुणाच्या शेताला, ढोरांना पाणी कुठं, माती-लाकूड कुठून घ्यायचं, हे त्यात गावागावाचं वेगळं लिहिलेलं असे. मालगुजार सगळे चांगले होते असं नाही. वेठबिगारी होती, जुलूम होता. पण पाळ फुटली तर त्याचंही धान बुडत होतं, म्हणून पाळ दुरुस्त होत होती.

मोठे दुष्काळ पडले, १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे. त्यानंतर इंग्रज सरकारनंही आपल्या भागात मोठे तलाव बांधले. तिरोडा तालुक्यातले बोदलकसा आणि चोरखमारा, तुमसर तालुक्यातला चांदपूर हे त्याच काळातले. आता बघा, एकाच काळात, एकाच खोऱ्यात, तुमसरच्या एका बाजूला मँगनीजसाठी जमीन खोदत होते आणि दुसऱ्या बाजूला पाणी अडवण्यासाठी. मजूर तेच, टोपली तीच. एका खोदण्यातून काय उरलं, दुसऱ्यातून काय उरलं, ते आपण आज डोळ्यांनी पाहू शकतो.

स्वातंत्र्य आलं. तेव्हा आपण मध्य प्रांतात होतो. १९५६ मध्ये मुंबई राज्यात आलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. मध्य प्रदेश सरकारनं १९५० मध्ये मालगुजारी संपवण्याचा कायदा केला आणि १९५१ पासून तलाव सरकारचे झाले. कूळ मोकळं झालं, ही मोठी गोष्ट होती. तलावांना नाव पडलं 'माजी मालगुजारी तलाव'. 'माजी'चा मा आणि 'मालगुजारी'चा मा, झाले मामा तलाव. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत, एकट्या गोंदिया जिल्ह्यात चौदाशेच्या आसपास. लहान तलाव जिल्हा परिषदेकडं गेले.

नाव मामाचं, पण मामासारखी काळजी घेणारा कुणी उरला नाही. आधी पाळ दुरुस्तीला गाव जमत होतं. आता लोक म्हणू लागले, तलाव सरकारचा, सरकार बघेल. एवढ्या तलावांकडं एक ऑफिस किती बघणार? गाळ साचला. काठावरच्या शेतांचा धुरा दरवर्षी हातभर आत सरकत गेला. बेशरमच्या झाडांनी पाणी झाकलं. तुडूम गंजलं, फुटलं, मग कुणी त्यात पोती कोंबली.

म्हणजे काय झालं? आजीच्या खाणीचं जे झालं होतं, तेच आपल्या तलावाचं होऊ लागलं. पाणी आहे, पण त्याचं कुणी नाही.

जर्मनीतली गोष्ट

कुणी म्हणेल, खाणीच्या खड्ड्याचाही तलाव करता येतो की. येतो. जर्मनी देशात लाउसिट्झ नावाचा भाग आहे. तिथं कोळशाच्या मोठमोठ्या उघड्या खाणी होत्या, त्या बंद झाल्यावर नद्यांचं पाणी वळवून त्यांचे तलाव केले. पण ते काम वर्षा-दोन वर्षांचं नव्हतं. काठ उताराचे करायचे, दाबून पक्के करायचे, पाण्यातलं आम्ल कमी करायचं, यात दशकं गेली आणि अफाट पैसा गेला. तरीही धोका असतोच. २००९ मध्ये जर्मनीतच नाख्टरश्टेट या गावी अशाच एका जुन्या खाणीच्या तलावाचा काठ घसरला, घरं पाण्यात गेली आणि तीन माणसं मेली.

एवढ्या श्रीमंत देशाला खड्ड्याचा तलाव करायला इतके कष्ट पडतात. आणि आपल्याकडं बापजाद्यांनी बांधलेला चांगला तलाव आहे, त्याचा आपण खड्डा करायला निघालो.

म्हातारीच्या प्रश्नाचं उत्तर

हे सगळं शोधून मी महिन्याभरानं पुन्हा त्या गावी गेले. या वेळी बैठक समाजमंदिरात न घेता तलावाच्या पाळीवर घेतली. ढिवर मोहल्ल्यातल्या बायांनाही बोलावलं. त्या आधी गटाच्या बैठकीला फार येत नसत. त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं.

पहिली गोष्ट. तलावाच्या तळाशी कितीतरी पावसाळ्यांचा बारीक गाळ बसून चिकण मातीचा थर झालेला असतो. पाणी धरून ठेवतो तो हा थर. गाळ काढला तर चांगलं, शेतात टाकला तर धानाला खत. पण थर फोडून खाली मुरमापर्यंत गेलं, की पाणी झिरपून जातं. तलाव खोल दिसतो आणि उन्हाळ्यात लवकर आटतो.

दुसरी गोष्ट एका ताईनं तुडमाकडं बोट दाखवून सांगितली. "तुडमाच्या खाली जेवढं खोदाल, तेवढं पाणी पाटात चढणार कसं?" मी गप्पच झाले. इतकी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. तुडमाच्या पातळीच्या खालचं पाणी आपल्या वजनानं शेतात जाऊ शकत नाही. ते उपसायला मोटर लागते. म्हणजे ज्याच्याकडं मोटर, त्याचं पाणी. आज तलावाचं पाणी विधवा बाईच्या दोन बांध्यांनाही जातं. खोल खड्ड्याचं पाणी तिला विकत घ्यावं लागेल.

तिसरी गोष्ट, सरळ काठ. मशीन खोदतं ते उभं खोदतं. मग ढोर उतरत नाही, ढेस उगवत नाही, मासा अंडी घालत नाही, आणि पोहायला गेलेलं पोरगं वर येत नाही. आजीनं माझा हात का ओढला होता, ते मला त्या दिवशी नीट कळलं.

अशी तिथल्या तिथं उत्तराची उजळणी झाली. तलाव म्हणजे नुसतं पाणी नाही. पाळ, तुडूम, सलंग, पाट, उथळ काठ आणि ते राखायची ठरलेली माणसं, हे सगळं मिळून तलाव. यातलं एकेक काढत गेलो की शेवटी खड्डा उरतो.

मग आम्ही कागद काढायला लागलो. तलाठी कार्यालयातून सातबारा आणि नकाशा, जुन्या वाजिब-उल-अर्जची आणि निस्तारपत्रकाची नक्कल. दोन चकरांत झालं नाही, पाच चकरा लागल्या. कागदावर तलाव जेवढा आहे, त्याहून जागेवर कमी भरला. कुणी किती खाल्ला हे सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोललं नाही. तो वाद अजून मिटलेला नाही, आणि मी इथं तो मिटला असं खोटं सांगणार नाही. त्या जुन्या कागदात आणखी एक गोष्ट दिसली. पाण्याचे हक्क सगळे शेताच्या मालकाच्या नावानं. रोवणी बाईची, निंदणी बाईची, पण पाण्याच्या यादीत बाईचं नाव नाही.

ग्रामसभेत बाया साठ-सत्तर जमल्या. ठेकेदाराला नाही म्हटलं नाही, फक्त तीन अटी ठरावात लिहून घेतल्या. काढायचा तो फक्त गाळ, मुरूम नाही. तुडमाच्या पातळीखाली खोदायचं नाही. काठ उताराचा राहिला पाहिजे. ठराव झाला. ठेकेदार पुन्हा आलाच नाही. त्याला गाळ नको होता, मुरूमच हवा होता.

गाळ मात्र निघाला. सरकारनं २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणली आहे, हे तुम्ही ऐकलं असेल. तिची चौकशी आम्ही केली, आणि तोवर ज्यांना शेतात गाळ हवा होता त्यांनी आपल्या ट्रॅक्टरनं थोडा थोडा नेला. बेशरम काढायचं काम बायांनी हाती घेतलं. अर्जुनी मोरगाव तालुक्यात निमगावसारख्या गावांत ढिवर समाजाच्या बायांनी बेशरम उपटून, तळ नांगरून, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत, आणि त्यांना देशी मासे परत येताना दिसले. त्यांच्याकडून शिकायला आमच्या चार जणी जाऊन आल्या.

मैत्रिणींनो, ज्यांच्या गावाजवळ खाण आहे त्यांनी एक लक्षात ठेवा. २०१५ च्या कायद्यानुसार जिल्हा खनिज प्रतिष्ठान असतं. खाणवाल्यांनी दिलेला पैसा खाणीमुळं बाधित गावांच्या पाणी, आरोग्य, शिक्षणासाठी वापरायचा असतो. ग्रामसभेत विचारा, आपल्या वाट्याला काय आलं. आणि ज्यांच्या गावात तलाव आहे, म्हणजे तुमच्यापैकी जवळजवळ सगळ्यांच्या, त्यांनी तलावाचा सातबारा, नकाशा आणि निस्तारपत्रकाची नक्कल गटाच्या फाइलीत ठेवा. कर्जाच्या कागदांइतकीच ती जपा.

आजी आता नाही. तिच्या खाणीचा खड्डा अजून आहे, पाणी अजून हिरवंगार दिसतं. मृग लागायच्या आधी त्या गावच्या बाया आता पाळीवरून एक चक्कर मारतात. कुठं उंदरांनी बीळ केलं, कुठं भेग पडली, सलंगात काय अडकलं, ते बघतात. सोबत फावडी आणि घमेली असतात. म्हातारी आजी पाळीवर बसून असते आणि कुणी पायाखालची माती नीट दाबली नाही की ओरडते.

तुमच्या गावची पाळ शेवटची कुणी चालून पाहिली? येत्या बैठकीत विचारा.